टॉर्क भरपूर, मग गिअर कोणता?

सनबीम अल्पाइन ही साठच्या दशकातली इंग्लिश गाडी दिसायला देखणी, पळायला बेताची. चार सिलिंडर, दोन माणसे, उघडे छप्पर. जादा पैसे मोजले की तिला लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हमरस्त्यावर इंजिन हळू फिरू देणारी गिअरबॉक्समागची डबी, बसवून मिळे. १९६४ साली रूट्स कंपनीने याच अल्पाइनच्या नाकात फोर्डचे अमेरिकन व्ही-८ इंजिन बसवले आणि गाडीचे नाव ठेवले टायगर. नमुना गाडी कॅलिफोर्नियात कॅरोल शेल्बीच्या कारखान्यात तयार झाली, विक्रीच्या गाड्या वेस्ट ब्रॉमविचला जेन्सनकडे बांधल्या गेल्या. इंजिन इतक्या दाटीवाटीने बसले होते की एक स्पार्क प्लग काढायचा तर गाडीच्या आतून, पायाखालचा गालिचा उचलून, पत्र्यातल्या झाकणातून हात घालावा लागे. टॉर्क ३५० न्यूटन-मीटर, तोही अवघ्या २,२०० आरपीएमला. आपल्याकडच्या बाराशे सीसीच्या पेट्रोल गाडीच्या तो तिप्पट भरतो. आणि या टायगरला ओव्हरड्राइव्ह मात्र नव्हता.

अशक्त बहिणीला ओव्हरड्राइव्ह आणि दांडगीला नाही, हे उलटेच वाटते. पण रूट्सच्या माणसांचा हिशेब चोख होता. जुन्या, भरपूर टॉर्कच्या स्पोर्ट्स कारला कोणता गिअरबॉक्स लावावा, की आहे त्याच्याच मागे ओव्हरड्राइव्ह जोडावा, हा प्रश्न मालक मंडळी वर्षानुवर्षे घोळवत आली आहेत. बहुतेकांची सुरुवात 'कुठला बॉक्स किती टॉर्क झेलतो?' इथून होते. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न गाडीच्या पार मागे, डिफरन्शियलमध्ये दडलेला असतो.

टायगरच्या क्राउन-पिनियनचे गुणोत्तर २.८८. म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचे २.८८ फेरे झाले की चाकाचा एक. तेरा इंची रिमचे ते चाक एका फेऱ्यात साधारण १.८७ मीटर पुढे जाते. ताशी शंभर किलोमीटरला चौथ्या गिअरमध्ये, म्हणजे इंजिन आणि प्रॉपेलर एकाच वेगाने फिरत असताना, आरपीएम येतो सुमारे २,५७०. हेच चाक अल्पाइनच्या जवळजवळ ३.९च्या गुणोत्तरावर धरले तर आकडा ३,४७५च्या आसपास जातो. लहान इंजिनाला टॉर्क कमी, म्हणून मागचे गुणोत्तर आखूड, गुणोत्तर आखूड, म्हणून हमरस्त्यावर इंजिन किंचाळते, म्हणून ओव्हरड्राइव्ह. टायगरच्या इंजिनाला असली मदत लागतच नव्हती. त्यांनी मागचे गुणोत्तरच लांब ठेवले आणि ओव्हरड्राइव्हचे काम तिथेच उरकले.

आता शेल्बीची स्वतःची गाडी, कोब्रा, शेजारी उभी करा. फोर्डच्याच त्याच घराण्यातले, २८९ घनइंचांचे म्हणजे ४.७ लिटरचे इंजिन. बोर्ग-वॉर्नरचा टी-१० हा चार गिअरचा बॉक्स, जो सुरुवातीच्या टायगरलाही होता; नंतरच्या टायगरला फोर्डचा टॉपलोडर आला. पण कोब्राचे मागचे गुणोत्तर ३.७७. चाके मोठी असूनही शंभरला इंजिन तीन हजारांच्या वर. एकाच रक्ताच्या दोन गाड्या. एकीला पाचवा गिअर चैन, दुसरीला गरज. दोन्हींच्या मालकांना एकच बॉक्स सुचवणाऱ्या सल्लागाराने मागचे गुणोत्तर विचारलेले नसते.

जॅग्वार ई-टाइपची गोष्ट याच जातीची. आधीच्या एक्सके-१५० ला आणि मार्क-२ सलूनला ओव्हरड्राइव्ह मिळत होता, १९६१च्या ई-टाइपला मात्र कारखान्याने तो कधी दिला नाही. सुरुवातीला मॉसचा चार गिअरचा बॉक्स होता, पहिला गिअर सिंक्रोमेशशिवाय, १९६४मध्ये ४.२ लिटरच्या इंजिनाबरोबर जॅग्वारने चारही गिअरला सिंक्रोमेश असलेला स्वतःचा बॉक्स दिला. या गाड्या ३.०७ आणि ३.५४ अशा वेगवेगळ्या मागच्या गुणोत्तरांनी विकल्या गेल्या. शंभरला ३.०७ वर साधारण अडीच हजार, ३.५४ वर जवळजवळ २,९००. म्हणजे ३.५४ वाल्याने नुसते क्राउन-पिनियन बदलले तरी त्याला ०.८७ चा ओव्हरड्राइव्ह मिळाल्यासारखे होते, गिअरबॉक्सला हातही न लावता. ई-टाइपची मागची बाजू खोलणे हे रविवारी दुपारी उरकायचे काम नव्हे, डिस्क ब्रेकसुद्धा तिथे डिफरन्शियलला चिकटून बसलेले असतात. तरी नव्या बॉक्सच्या खर्चापुढे हा पर्याय आधी तपासावा असाच आहे. त्याची किंमत पहिल्या गिअरमध्ये मोजावी लागते: गाडी उठायला जड होते, घाटात किंवा गर्दीत अर्ध्या क्लचवर वेळ जातो. टॉर्क असलेल्या इंजिनाला ही किंमत परवडते, अल्पाइनला परवडली नसती.

लेकॉकच्या ओव्हरड्राइव्हपाशी जरा थांबले पाहिजे, कारण इतक्या साध्या कल्पनेचे इतके नेटके यंत्र क्वचित सापडते. एडगर डी नॉर्मनव्हिल यांची रचना, शेफील्डच्या लेकॉक कंपनीचे उत्पादन, आणि १९४८च्या स्टँडर्ड व्हॅनगार्डपासून सुरुवात. पुढे ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जॅग्वार, एमजी, व्होल्वो अशा कितीतरी गाड्यांत ते गेले. एकूण तीस लाखांहून अधिक नग बनले. गिअरबॉक्सच्या शेपटाला जोडलेली ही एक डबी. आत मधोमध सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी छोटी ग्रहचक्रे आणि सगळ्यांना वेढणारे आतून दाते असलेले कडे. ग्रहचक्रे गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसवलेली, कडे प्रॉपेलरला जोडलेले. एरवी शंकूच्या आकाराचा एक क्लच स्प्रिंगांच्या जोराने सूर्यचक्राला कड्याशी बांधून ठेवतो आणि सगळे गाठोडे एकसंध फिरते. स्विच दाबला की सोलेनॉइड झडप उघडते, शाफ्टवरच्या कॅमने चालणाऱ्या छोट्या पंपाने साठवलेला तेलाचा दाब पिस्टनांवर येतो, पिस्टन त्या शंकूला पुढे ओढून बाहेरच्या स्थिर कड्यावर दाबतात. सूर्यचक्र थांबते. थांबलेल्या सूर्याभोवती ग्रहचक्रे धावू लागली की बाहेरचे कडे इंजिनापेक्षा जलद फिरते. क्लच दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा नाही. बोटाने स्विच, आणि आरपीएमचा काटा पाचशेने खाली.

या नेटकेपणात एक खोड आहे. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना रिव्हर्स टाकला तर आतला एकाच दिशेने फिरणारा रोलर क्लच आणि थांबवलेले सूर्यचक्र एकमेकांच्या उरावर बसतात आणि काहीतरी मोडल्याशिवाय सुटका नसते. म्हणून बॉक्सच्या झाकणावर एक छोटा स्विच असतो. वरचा गिअर पडलेला नसेल तर तो सोलेनॉइडची वीजच तोडतो. पण झडप अडकली असेल आणि दाब आतच राहिला असेल, तर वीज तोडून उपयोग नाही. जुन्या मेकॅनिकांचा नियम सोपा: ओव्हरड्राइव्ह सुटत नसेल तर गाडी मागे घेऊ नका, ढकलूनसुद्धा नाही. बिघाडाची दुसरी जागा सोलेनॉइडची. लेकॉकच्या ए-टाइप ओव्हरड्राइव्हच्या सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक ओढायला, एक धरून ठेवायला. ओढणारी भरपूर करंट खाते आणि दांडा पूर्ण आत गेल्यावर आपोआप बंद पडते. बाजूच्या लिव्हरच्या भोकातून ३/१६ इंची ड्रिल घालून त्याची जुळणी करतात. ही जुळणी केसभर चुकली की ओढणारी गुंडाळी चालूच राहते, सोलेनॉइड जळते आणि मालक म्हणतो, 'लेकॉक कच्चा माल!' तिसरी जागा तेलाची. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह एकाच तेलावर चालतात. घसरण वाढवणारी औषधे घातलेले आधुनिक तेल ओतले की शंकू पकड सोडतो.

कारखान्यांनी ओव्हरड्राइव्ह वापरला तोही मागचे गुणोत्तर सोबत बदलून. ऑस्टिन-हीली ३०००चे उदाहरण बोलके आहे. ओव्हरड्राइव्ह न घेणाऱ्याला मागे ३.५४५ मिळे, घेणाऱ्याला ३.९०९. म्हणजे घेणाऱ्याची गाडी चौथ्यात जास्त चपळ आणि ओव्हरड्राइव्हमध्ये (३.९०९ गुणिले ०.८२, म्हणजे ३.२) जास्त निवांत. न घेणाऱ्याला मधला तोडगा. आज ३.५४५ च्या हीलीला कोणी नुसता ओव्हरड्राइव्ह जोडतो तेव्हा त्याच्या हाती येते २.९, आणि मग चढ लागला की 'ही ओढत का नाही?' म्हणून कार्ब्युरेटर खोलले जातात.

आता टॉर्ककडे वळू. ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सच्या मागे बसतो, आणि सगळी मेख इथेच आहे. इंजिनचे ३५० न्यूटन-मीटर पहिल्या गिअरच्या, समजा, २.७८ ने गुणले की बॉक्सच्या शेपटाशी ९७० पेक्षा जास्त पोचतात. चौथ्यात तेवढेच ३५०. म्हणून लेकॉकला बहुतेक गाड्यांत फक्त वरच्या गिअरांत काम करू देत. एमजीबी जीटी व्ही-८ मध्ये हे शिक्षण जाहीरपणे झाले. १९७३ साली एमजीने रोव्हरचे ३.५ लिटरचे व्ही-८ एमजीबीत घातले. २६० च्या आसपास टॉर्क, मागे ३.०७. सुरुवातीला ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या आणि चौथ्या दोन्हींवर चाले. लवकरच तिसऱ्यावरून तो काढून टाकला, कारण तिसऱ्याने वाढवलेला टॉर्क त्या डबीला सोसेना. टायगरपेक्षा बराच कमी टॉर्क, तरी ही तऱ्हा.

लेकॉकचा वारसा पुढे अमेरिकेत गेला. कॅलिफोर्नियातल्या एल कहोनची गिअर व्हेंडर्स कंपनी त्याच घराण्यातला, पण मोठ्या व्ही-८ साठी दणकट केलेला ओव्हरड्राइव्ह बनवते; गुणोत्तर ०.७८. तो कोणत्याही गिअरवर लावता येतो, त्यामुळे 'चारचे आठ गिअर' अशी त्याची ख्याती. ही ख्याती कागदावर मांडून पाहण्यासारखी आहे. जनरल मोटर्सचा मन्सी एम-२१ घ्या: २.२०, १.६४, १.२८, १.००. प्रत्येकाला ०.७८ ने गुणा: १.७२, १.२८, १.००, ०.७८. दुसऱ्यावर ओव्हरड्राइव्ह लावला की नेमका तिसरा मिळतो, तिसऱ्यावर लावला की नेमका चौथा. उरलेला १.७२ दुसऱ्याच्या इतका जवळ की बदलल्याचे कळणारही नाही. आठांतले खरे वेगळे गिअर पाच. फोर्डच्या दाट गुणोत्तरांच्या टॉपलोडरचीही (२.३२, १.६९, १.२९, १.००) हीच गत. लांब लांब गुणोत्तरांच्या टॉपलोडरवर (२.७८, १.९३, १.३६, १.००) मात्र मधल्या फटीत खरोखर नवे गिअर पडतात, १.५० चा तर चांगलाच उपयोगी. म्हणजे ज्याच्याकडे शर्यतीचा, दाट गुणोत्तरांचा बॉक्स आहे त्याला हा ओव्हरड्राइव्ह एक पाचवा गिअर देतो, बस. तो एकही अनेकदा पैसे वसूल करणारा असतो, कारण मूळ बॉक्स जागेवर राहतो. मात्र प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो, आणि टायगरसारख्या तोकड्या गाडीत तो आधीच वीतभर असल्यासारखा आहे.

दुसरा मार्ग पाच गिअरच्या बॉक्सचा. इथे नाव एकच सर्वांच्या तोंडी: टी-५. बोर्ग-वॉर्नरने तो १९८२च्या सुमारास आणला, १९८३ला तो मस्टँग आणि कॅमॅरोत गेला, आणि १९८५पासून मस्टँगला त्याची 'वर्ल्ड क्लास' म्हणवली जाणारी सुधारित आवृत्ती मिळाली. मस्टँगच्या टी-५ मध्ये पहिला ३.३५, पाचवा ०.६८. वजन सुमारे ३४ किलो. एका माणसाने छातीवर घेऊन गाडीखाली सरपटत जावे इतके. टॉर्कची मर्यादा आधी ३६० न्यूटन-मीटरच्या आसपास, १९९०पासून ४०० च्या थोडी वर, आणि नंतरच्या 'झेड' आवृत्तीत जवळजवळ ४५०. त्या 'झेड'चा पहिला २.९५, पाचवा ०.६३.

टी-५ मोडतो कुठे हे पाहिले की मर्यादेच्या आकड्याचा अर्थ कळतो. सहसा तिसऱ्या गिअरचे दाते जातात. तिरप्या दात्यांची दोन चाके जोर लावून फिरतात तेव्हा ती एकमेकांना नुसती फिरवत नाहीत, बाजूलाही ढकलतात. चरकात जाड ऊस गेला की लाटा फाकू बघतात तसे. वरचा आणि खालचा शाफ्ट एकमेकांपासून दूर सरकू पाहतात, ॲल्युमिनियमचे कवच किंचित ताणले जाते, दाते पूर्ण रुंदीने भिडण्याऐवजी टोकाटोकांनी भिडतात आणि तुटतात. टी-५ मध्ये दोन शाफ्टांतले अंतर ७७ मिलिमीटर, टी-५६ या मोठ्या भावात ८५. आठ मिलिमीटर म्हणजे किरकोळ, असे वाटते; पण अंतर वाढले की चाके मोठी होतात, दात्यांवरचा जोर घटतो, शाफ्ट जाड करता येतो. चौथ्या गिअरमध्ये यातले काहीच होत नाही, कारण तिथे टॉर्क दात्यांतून जातच नाही, सरळ आरपार जातो. पाचव्यात तो पुन्हा दात्यांतून जातो, आणि टी-५ चा पाचवा मुख्य कवचाच्या बाहेर, शेपटात बसवलेला. म्हणून ८० च्या वेगात पाचव्यात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून चढ चढणाऱ्याचा टी-५ लवकर कुरकुरतो. खाली चौथा आहे, तो वापरावा.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत लिहिलेली नसते: गिअरबॉक्सला इंजिन जेवढे देते त्यापेक्षा जास्त टायर देऊ शकतात. क्लच झटक्यात सोडला की फ्लायव्हीलची साठलेली गती क्षणभर इंजिनच्या टॉर्कपेक्षा मोठा हिसका देते. टायर घसरले तर हिसका तिथे विरतो, चिकटले तर तो दात्यांवर जातो. बाराशे किलोच्या आतबाहेरची, अरुंद टायरची टायगर ३५० न्यूटन-मीटर देऊन टी-५ वर निवांत चालते. त्याच टॉर्कची सोळाशे किलोची गाडी, मागे रुंद चिकट टायर आणि दर शनिवारी पाव मैलाची शर्यत, यांना तोच बॉक्स पुरत नाही. आधी टायर सांगा, मग बॉक्स सांगतो, अशी यातल्या जाणत्यांची रीत असायला हवी.

टी-५ च्या पलीकडे मेक्सिकोतल्या केरेतारोची ट्रेमेक कंपनी. तिनेच नव्वदच्या दशकात बोर्ग-वॉर्नरचा हातगिअरचा धंदा विकत घेतला, त्यामुळे आज टी-५सुद्धा तिचाच. तिचा टीकेएक्स हा २०२० मध्ये आलेला पाच गिअरचा बॉक्स आठशे न्यूटन-मीटरच्या आसपास झेलतो आणि वजन ४५ किलोच. महत्त्वाचे म्हणजे २.८७ च्या पहिल्या गिअरबरोबर पाचवा ०.६८ चा किंवा ०.८१ चा निवडता येतो. सहा गिअरचा टी-५६ पहिल्यांदा १९९२च्या डॉज व्हायपरमध्ये दिसला. त्याचा सहावा ०.५०, म्हणजे प्रॉपेलर इंजिनच्या दुप्पट वेगाने फिरतो. आजचा टी-५६ मॅग्नम साडेनऊशेपर्यंत झेलतो, पण वजन साठ किलोच्या वर आणि अंग लांबरुंद. साठच्या दशकातल्या टनेलमध्ये तो पत्रा कापल्याशिवाय जात नाही.

व्हायपरच्या सहाव्याची नक्कल जुन्या गाडीत करण्याआधी कॉर्व्हेटचा प्रवास पाहावा. १९८४ च्या नव्या कॉर्व्हेटला इंधन-नियमांच्या धाकाने 'चार अधिक तीन' नावाचा प्रकार दिला: चार गिअरचा हातबॉक्स, त्यामागे वरच्या तीन गिअरांवर चालणारा ओव्हरड्राइव्ह, आणि तो कधी लागायचा हे ठरवणार संगणक. चालकाला वेगळेच काही हवे असे, संगणकाला वेगळेच. मालकांनी त्याच्यावर फार प्रेम केले नाही. १९८९मध्ये त्याजागी झेडएफचा सहा गिअरचा बॉक्स आला. त्यातही हलक्या ॲक्सिलरेटरवर पहिल्यातून थेट चौथ्यात ढकलणारा अडसर होता, आणि तो निकामी करणारा जुगाड लगोलग बाजारात आला. १९९७च्या कॉर्व्हेटने टी-५६ उचलून मागच्या चाकांपाशी नेला. हे डोके मोठे: मधला शाफ्ट आता इंजिनचाच टॉर्क वाहतो, पहिल्या गिअरने वाढवलेला नव्हे. सहावा ०.५० आणि मागे ३.४२ मिळून १.७१, शंभरला जेमतेम चौदाशे आरपीएम. फ्युएल इंजेक्शनच्या साडेपाच लिटरहून मोठ्या इंजिनाला आणि वारा कापणाऱ्या अंगाला हे पेलते. २०२०च्या कॉर्व्हेटने तर हातगिअर सोडूनच दिला. आठ गिअरचा दुहेरी क्लचचा ट्रेमेक, आणि पायात दोनच पेडल.

टायगरच्या २.८८ वर 'झेड' टी-५ चा ०.६३ लावला तर हाती १.८१ येतो, म्हणजे त्या कॉर्व्हेटच्या अगदी शेजारी. शंभरला सोळाशे आरपीएम. गाडी सपाटीवर चालेल, व्ही-८ चा टॉर्क खोटा नाही. पण ८० ला आकडा तेराशेच्या खाली जातो. कार्ब्युरेटरचे इंजिन, त्यात कोणी जास्त उंचीची कॅम घातलेली असली की तिथे ते हिसके देऊ लागते. असा पाचवा फक्त लांब, मोकळ्या, वेगवान रस्त्यावर वापरता येतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या पनवेलकडच्या सपाटीसारख्या तुकड्यावर तो शोभेल आणि खंडाळ्याचा चढ सुरू होताच हात लिव्हरवर जाईल. चौथ्यातून त्यात टाकताना आरपीएम ३७ टक्क्यांनी पडतो. ०.८१ लावला तर शंभरला २,०८०, ऐंशीला १,६६०. इंजिनचा सर्वाधिक टॉर्क २,२०० ला असल्यामुळे काटा नेमका त्याच्या अंगणात राहतो. शांततेचे म्हणाल तर उघड्या गाडीत शंभरच्या पुढे वाराच इंजिनपेक्षा मोठ्याने बोलतो.

कोब्राचे गणित उलट. ३.७७ ला ३.३५ चा पहिला जोडला की गुणाकार १२.६, गाडी हलली न हलली तोच दुसरा मागते. तिला पहिला लांब, २.८७ सारखा, आणि पाचवा बिनधास्त ०.६८ चा हवा. शंभरला दोन हजारांच्या थोडे वर.

स्वयंचलित बॉक्सबद्दल थोडक्यात. ऐंशीच्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या ७००आर-४ चा पहिला ३.०६ आणि लगेच दुसरा १.६३, ती दरी स्पोर्ट्स कारमध्ये जाणवते, आणि त्याची थ्रॉटलला जोडलेली केबल नीट जुळवली नाही तर तेलाचा दाब कमी पडून बॉक्स जळतो. आधुनिक आठ गिअरचे बॉक्स उत्कृष्ट आहेत, पण त्यांना संगणक, वायरिंग आणि जागा लागते. इतके सगळे करायचे तर जुनी गाडी का ठेवायची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बसवण्याच्या कामात दोन गोष्टींकडे सर्रास दुर्लक्ष होते. बेलहाउसिंगचे मधले भोक क्रँकच्या नेमक्या मध्याशी आले पाहिजे. डायल गेज फिरवून बघतात, आणि पाच हजारांश इंचापेक्षा जास्त फरक निघाला तर सरकत्या मध्याच्या डॉवेल पिना घालून तो काढतात. हे न करता बसवलेला नवा बॉक्स गिअर अडकवतो आणि दोष बॉक्सच्या माथी जातो. फोर्डवाल्यांनी आधी बोल्टही मोजावेत: १९६४च्या सुमारास इंजिनमागचे पाच बोल्टचे सहा झाले, आणि टी-५ ची बेलहाउसिंग सहाची असते. दुसरी गोष्ट प्रॉपेलरची. पाचवा गिअर मिळाला म्हणून कोणी मागे ४.११ घालतो तेव्हा ताशी १६० ला, टायगरच्या चाकावर धरले तर, प्रॉपेलरचे फेरे ४,१०० वरून ५,८०० च्या पुढे जातात. पूर्वी कधी न जाणवलेली थरथर तिथे उगवते.

टायगरच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. एकूण सातेक हजार गाड्याच बनल्या. १९६७मध्ये रूट्स क्रायस्लरच्या हाती गेली. क्रायस्लरचे स्वतःचे व्ही-८ त्या नाकात बसेना, कारण त्याचा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला, आणि प्रतिस्पर्धी फोर्डचे इंजिन विकत घेत राहणे त्यांना शोभणारे नव्हते. गाडी बंद पडली. तेव्हापासून अल्पाइनमध्ये व्ही-८ घालून बनवलेल्या खोट्या टायगरना मंडळी 'अल्जर' म्हणतात, आणि खऱ्याची पारख मूळ पत्र्यावरून, वेल्डिंगच्या खुणांवरून होते. त्यामुळे टनेल कापून मोठा बॉक्स घालणे म्हणजे गाडीच्या ओळखपत्रावरच कात्री चालवणे. खरी टायगर असेल, इंजिन मूळचे असेल आणि मागे २.८८ असेल तर मी टॉपलोडर काढणार नाही. काढायचाच झाला तर ०.८ च्या आसपासचा पाचवा असलेला टी-५ घेईन, पत्रा न कापता बसेल असा, लिव्हर मूळ भोकातून वर येईल असे शेपूट निवडून. मूळ टॉपलोडर तेल भरून, तोंडे बंद करून, नंबराच्या चिठ्ठीसह गॅरेजच्या फळीवर ठेवीन. पुढच्या मालकाने विचारला तर गाडीबरोबर द्यायला.